दंतधावन : एका रोजच्या आचाराचा इतिहास

लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी यांना सरावलेल्या श्रोत्यांना आजचा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. दात घासण्यात इतिहास तो काय असायचा, असेही कोणी मनात म्हणेल. परंतु 'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्या समाजाला उतारवयात दात जाणे हे केस पिकण्याइतकेच अटळ वाटत होते, हे उघड आहे. ते अटळ नाही, हे माणसाला केव्हा आणि कसे कळले, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे. या कथेत वारंवार येणारे पात्र म्हणजे दातांवर बसणारा एक मऊ, पांढरट थर. सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली असता जो बुळबुळीतपणा लागतो तोच हा. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. लाळेतील क्षार त्यात मुरून तो दगडासारखा घट्ट झाला, की आपण त्याला किटण म्हणतो.

या किटणाची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांत 'दंतशर्करा' नावाचा एक रोग सांगितला आहे. दातांवरचा मळ साखरेच्या खड्यासारखा घट्ट होऊन बसतो आणि दातांचे गुण नाहीसे करतो, असे त्याचे वर्णन आहे. हे दगड नव्हेत, हाड नव्हे, तर साचून घट्ट झालेला मळ आहे, हे निरीक्षण आम्हांला फार मोलाचे वाटते. दातवणाविषयी तर सुश्रुताने एखाद्या सुतारासारखे माप दिले आहे : बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ, गाठी नसलेले. कडू झाडांत कडुलिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज ही श्रेष्ठ. चरकाने दिवसातून दोन वेळा दातवण करावयास सांगितले, काडीचे टोक चावून कुंचल्यासारखे करावयास सांगितले, आणि हे करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे. सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू नालंदेत येऊन राहिला. त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात या दंतकाष्ठासाठी स्वतंत्र प्रकरणच लिहिले. आपल्या देशबांधवांनी हा आचार नीट समजून घ्यावा, ही त्याची कळकळ त्यात दिसते.

पण आचार म्हटला की त्याला विधिनिषेधही चिकटतात. धर्मशास्त्रकारांनी प्रतिपदा, षष्ठी, नवमी, पर्वकाळ, श्राद्धाचा दिवस अशा दिवशी काष्ठ वर्ज्य सांगितले आणि त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भराव्यात अशी सोय करून दिली. चुळा भरणे आणि घासणे यांचे फळ एकच, असे यात गृहीत धरलेले आहे. ते गृहीत कितपत खरे, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारला नाही. तो विचारला गेला हॉलंडमधील डेल्फ्ट गावी, आणि विचारणारा कोणी पंडित वा वैद्य नसून कापडाचा व्यापारी होता.

मात्र त्याच्याकडे वळण्यापूर्वी 'दाढेतली कीड' या कल्पनेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. दाताला अळी लागते आणि ती दात पोखरते, ही समजूत प्राचीन बाबिलोनपासून जगभर होती. सुश्रुतानेही 'कृमिदंतक' म्हटलेच आहे. आपल्या खेड्यांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले 'किडे' पाडून दाखवणारे लोक असत. युरोपात हाच खेळ खुरासनी ओव्याच्या बियांनी चाले. धुरीने फुटलेल्या बियांतले बारीक कोंब खाली पडत आणि रोगी ते किडे समजून समाधान पावे. दातांच्या रोगाला कोणी तरी सजीव कारण आहे, ही मूळ शंका अगदीच चुकीची नव्हती. फक्त तो जीव डोळ्यांना दिसेल असा नव्हता.

डेल्फ्टचा तो कापडवाला म्हणजे आंतोनी व्हान लेवेनहूक. हा 1632 साली जन्मला. कापडाचे धागे तपासण्यासाठी भिंग वापरता वापरता त्याला भिंगेच घासण्याचा नाद लागला. 17 सप्टेंबर 1683 रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवले. आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, जेवणानंतर कोरणीने कोरतो, फडक्याने पुसतो आणि आपले दात आपल्या वयाच्या मानाने पुष्कळच स्वच्छ आहेत, असे त्याने प्रथम अभिमानाने सांगितले. 'दात कोरून पोट भरत नाही' हे आपल्याला ठाऊक आहे. पण दात कोरून या गृहस्थाने एक नवे जग शोधून काढले. एवढे करूनही दातांच्या फटींत जो कालवलेल्या पिठासारखा पांढरा थर राहतो तो त्याने काढला, स्वच्छ पावसाच्या पाण्यात मिसळला आणि भिंगाखाली धरला. त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळत होते. पुढे त्याने जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला थर तपासला, तेव्हा तर पाण्याचा थेंबच जिवंत झाल्यासारखा त्याला दिसला. आपल्या देशात जेवढी माणसे आहेत त्याहून अधिक जीव आपण एकट्या आपल्या तोंडात बाळगून आहोत, असा त्याच्या म्हणण्याचा भाव आहे.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याचा पुढचा साधा प्रयोग. त्याने तीव्र शिरका तोंडात घेतला आणि मग दातांवरचा थर पाहिला, तर जीव जिवंतच. तोच शिरका थर काढून घेऊन पाण्यात कालवून घातला, तेव्हा मात्र जीव तत्काळ मेले. यावरून त्याने ताडले की शिरका थराच्या आत शिरतच नाही आणि वरवरच्या जीवांनाच तेवढा मारतो. बारा चुळांचा प्रश्न या एका निरीक्षणाने निकालात निघतो. आज जीवाणुशास्त्रज्ञ सांगतात की हे जीव सुटे नसतात. स्वतःच निर्माण केलेल्या चिकट द्रव्यात ते दाट वस्ती करून राहतात, आणि त्यामुळे बाहेरचे औषध आतल्यांपर्यंत सहजी पोहोचत नाही. डेल्फ्टच्या व्यापाऱ्याने हे तीनशे वर्षे आधी शिरक्याच्या घोटात पाहिले होते.

दुर्दैव असे की या शोधाचा दातांच्या रोगाशी संबंध जोडायला पुढे दोनशे वर्षे लागली. मधल्या काळात पॅरिसच्या प्येर फोशार याने 1728 साली दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि भिंगातून पाहूनही दातांत कोठे अळी सापडली नाही असे निक्षून सांगितले. न्यू ऑर्लिन्सच्या लीव्हाय स्पिअर पार्म्लीने 1819 साली दातांच्या फटींतून मेण लावलेला रेशमी धागा फिरवण्याचा सल्ला दिला. पण हे सारे अनुभवाचे बोल होते. कारणमीमांसा आली ती बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाकडून. काढलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात उबेत ठेवले, आणि जीवाणू पिष्टमय व गोड पदार्थांपासून जे आम्ल तयार करतात त्याने दातांचे कवच विरघळते हे दाखवून दिले. त्याचा ग्रंथ 1890 सालचा. मिलरची चूक एवढीच, की आम्ल तयार होते ते साऱ्या लाळेत, असे त्याने मानले. 1897 मध्ये लिऑन विल्यम्स आणि 1898 मध्ये ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी दाखवले की खरी आम्लाची भट्टी दाताला चिकटून बसलेल्या त्या थरातच पेटलेली असते. प्लाक हे नाव रूढ झाले ते ब्लॅकपासून. पुढे 1940 च्या सुमारास रॉबर्ट स्टीफन याने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्याबरोबर काही मिनिटांतच या थरातील आम्लता कशी वाढते आणि पूर्ववत व्हायला कसा बराच वेळ लागतो, हे मोजूनच दाखवले. चहाचे घोट दिवसभर घेत बसणाऱ्यांनी या शेवटच्या गोष्टीचा विचार करावा.

दात किडण्याचे हे झाले. परंतु दात हलू लागतात आणि पडतात ते पुष्कळदा हिरड्यांच्या आणि त्यांच्या खालच्या हाडाच्या रोगाने. त्याचे कारण काय, याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मतांचा नुसता गलबला होता. जीवनसत्त्वांचा अभाव, वार्धक्य, चावण्याची वाकडी सवय, अनुवंश, प्रत्येकाचा एक एक पक्ष. न्यू ऑर्लिन्सचाच डॉ. चार्ल्स बास हा या गलबल्यातला एक मौजेचा माणूस. मलेरियाचे परोपजीवी शरीराबाहेर वाढवण्यात 1912 साली यश मिळवलेला हा नामांकित वैद्य. 1915 मध्ये त्याने हिरड्यांच्या रोगाचे खापर एका अमीबावर फोडले, आणि ते मत टिकले नाही. कोणी दुसरा असता तर विषय सोडून देता. यांनी 1940 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठातापदावरून निवृत्त झाल्यावर उरलेले आयुष्य दात घासण्याच्या अभ्यासाला वाहिले. मऊ, गोल टोकांच्या केसांचा ब्रश दात आणि हिरडी यांच्या सांध्यात पंचेचाळीस अंशांत तिरपा धरावा आणि जोराने न घासता तेथल्या तेथे हलका हलवावा, ही 1954 सालची 'बास पद्धत' आजही शिकवली जाते. पार्म्लीच्या रेशमी धाग्याऐवजी नायलॉनच्या धाग्याचा पुरस्कारही त्यांनी केला. हिरडीला इजा होऊ देऊ नये, हे चरकाचे म्हणणे येथे पुन्हा भेटते. फरक एवढाच, की चरकाने हिरडी सांभाळावयास सांगितले, तर बास यांनी हिरडीच्या काठाशीच काम आहे असे दाखवले.

वादाचा निकाल लागला 1965 साली, डेन्मार्कमधील आर्हूस येथील दंतवैद्यक महाविद्यालयात. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसे निवडली. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. त्यांना सांगितले एवढेच, की उद्यापासून दात घासू नका. बाकी खाणेपिणे नेहमीचे. थर साचत गेला, त्यातील जीवाणूंची वस्ती बदलत गेली, आणि दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. कोणाचे वय बदलले नव्हते, अनुवंश बदलला नव्हता, आहार बदलला नव्हता. मग त्यांना पुन्हा दात घासावयास सांगितले. सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ब्रश लावला की हिरडीतून रक्त येते म्हणून घासणेच बंद करणारी माणसे आपल्या प्रत्येक घरात एक तरी असते. तिला हा प्रयोग अवश्य सांगावा. अर्थात आठवडा-दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबत नसेल, तर दंतवैद्याकडे जाण्याला पर्याय नाही.

याच ल्यो यांचा सहभाग असलेल्या 1973 सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात आढळले, की थर पूर्णपणे काढून टाकला तर दोन दिवसांतून एकदा काढूनही हिरड्या निरोगी राहिल्या. तीन-चार दिवसांचे अंतर पडले तेथे मात्र त्या सुजल्या. म्हणजे आमच्या शास्त्रकारांच्या एका वर्ज्य दिवसाने कोणाचे दात गेले नसतील. पण पूर्णपणे काढणे हेच तर बहुतेकांना साधत नाही, म्हणून रोजचा नेम. चुळांच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. क्लोरहेक्सिडीन नावाच्या द्रव्याच्या चुळा थर बसू देत नाहीत, हे 1970 मध्ये सिद्ध झाले. परंतु त्याने दातांवर डाग पडतात, चव बिघडते. ते औषध आहे, आचार नव्हे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. 1970 पासून पंधरा वर्षे श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरच्या चारशे ऐंशी मजुरांच्या दातांची पाहणी करण्यात आली. या तरुणांना ब्रश ठाऊक नव्हता आणि दंतवैद्यही मिळत नव्हता. थर आणि किटण सर्वांच्याच दातांवर होते. तरीसुद्धा सुमारे आठ टक्के लोकांचा रोग झपाट्याने वाढला, एक्याऐंशी टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि अकरा टक्क्यांचा हिरड्या सुजण्यापलीकडे गेलाच नाही. तेव्हा थर हे कारण असले तरी शरीराशरीरांत फरक आहे. तंबाखू आणि मधुमेह हा रोग वाढवतात हेही आज निश्चित झाले आहे. हे अहवाल वाचताना आमचे मन थोडे अस्वस्थ होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षांत आपल्या दातांचे काय होते ते कोणी तरी मोजून लिहीत होते, पण ते वाचवणारे कोणी त्या मळ्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

तंबाखूचा उल्लेख आलाच आहे तर आपल्या घरातले बोलले पाहिजे. महाराष्ट्रात दात घासण्यासाठी राखुंडी, मीठ, बाभळीची काडी यांच्या जोडीला मिश्री चालत आली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. विशेषतः आमच्या मायबहिणींत. दातवणाच्या नावाखाली सुरू झालेली ही सवय दिवसातून चार-चार वेळा लागते, थर नीट निघत नाही तो नाहीच, आणि तोंडाच्या कर्करोगाला दार उघडे होते. दंतमंजनांत व टूथपेस्टांत तंबाखू घालण्यास सरकारने 1992 साली बंदी केली. चुलीवर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत ती बंदी पोहोचणे शक्य नव्हते.

स्वीडनमधील कार्लस्टाड गावी 1972 मध्ये पेर आक्सेलसन आणि यान लिंढे यांनी नागरिकांचा एक गट हाती घेतला. त्यांना स्वतःचा थर स्वतः ओळखायला आणि काढायला शिकवले, आणि ठरावीक काळाने तपासून दातांची व्यावसायिक सफाई केली. त्यांच्या पेस्टमध्ये फ्लुओराइडही होते, आणि कीड थांबवण्याचे पुष्कळसे श्रेय त्याचे आहे, हे सांगितले पाहिजे. तीस वर्षांनंतरचा अहवाल 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीतच तपासणीस आलेल्या मंडळींनी ऐंशी गाठली, तरी वेगवेगळ्या वयोगटांत माणशी सरासरी दोनहून कमीच दात गेले होते.