घोष-अघोष, मज्हूर-महमूस आणि आपल्या मुलांचे इंग्रजी



आपल्या शाळांच्या पालक-सभांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मूल इंग्रजी वाचू लागले की घरात काळजी सुरू होते. सकाळी मकतबमध्ये अरबी, शाळेत मराठी किंवा उर्दू, घरी कोकणी बोली नाहीतर दखनी. एवढ्या भाषांच्या गर्दीत त्याच्या जिभेला इंग्रजी वळण लागणार कसे? काही पालक तर मकतब थोडे दिवस बंद ठेवावे काय, असेही विचारतात. प्रश्न कळकळीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर उपदेशाने न देता इतिहासाने द्यावे असे वाटले. आणि तेही इंग्रजी उच्चारशिक्षणातील एका लहानशा प्रकरणापुरते. ते प्रकरण म्हणजे घोष व अघोष व्यंजने.

शब्द जड वाटले तरी गोष्ट सोपी आहे. आपली दोन बोटे गळ्याच्या घाटीवर ठेवा आणि 'स्' हा ध्वनी लांबवा. बोटांना काही जाणवणार नाही. आता तोंडाची ठेवण तशीच राखून 'अझीझ' या नावातला शेवटचा ध्वनी लांबवा. बोटांखाली थरथर जाणवेल. जीभ, दात, ओठ सारे जागच्या जागी आहेत. घशातील स्वरतंतू तेवढे कंप पावू लागले. कंप असेल तो ध्वनी घोष, नसेल तो अघोष. प आणि ब, त आणि द, क आणि ग, इंग्रजीतील 'फॅन' व 'व्हॅन' यांचे आरंभीचे ध्वनी, या साऱ्या जोड्या या एका फरकाने झाल्या आहेत.

मराठी शाळेतील विद्यार्थ्याला हे दुसऱ्या नावाने ठाऊक असते. व्याकरणाच्या पुस्तकात 'कठोर वर्ण' आणि 'मृदू वर्ण' असे दोन गट दिलेले असतात. पुढे व्यंजनसंधीच्या धड्यात जगत् + ईश = जगदीश, वाक् + विहार = वाग्विहार, विपद् + काल = विपत्काल अशी उदाहरणे येतात. पुढचा वर्ण मृदू असला की मागचा कठोर वर्ण मऊ होतो. पुढचा कठोर असला की मागचा मृदूही कठोर होतो. विद्यार्थी हे गुणांसाठी पाठ करतो. हा सारा घशातील कंपाचा खेळ आहे, हे त्याला फारसे कोणी सांगत नाही.

आता मकतबकडे वळू. तज्वीद शिकविणारे कारीसाहेब मुलांना अक्षरांचे गुण सांगतात, त्यांत 'हम्स' आणि 'जहर' ही पहिली जोडी असते. हम्स म्हणजे कुजबुज. फे, हलकातली हे, से, साधी हे, शीन, खे, स्वाद, सीन, काफ आणि ते ही दहा अक्षरे महमूस. त्यांच्या उच्चारात श्वास वाहत राहतो. बाकीची मज्हूर, त्यांत श्वास अडतो व आवाज खुला होतो. ही दहा अक्षरे लक्षात राहावीत म्हणून त्यांचेच बनविलेले एक छोटे वाक्य मुले शतकानुशतके पाठ करीत आली आहेत. आजची तज्वीदची पुस्तके बहुतांशी इमाम इब्नुल जझरी यांच्या 'मुकद्दमा' या काव्याच्या आधाराने शिकवितात. त्यांचा जन्म दमास्कसचा, इंतकाल शिराझ येथे इ. स. १४२९ मधला. परंतु या वर्गीकरणाचे मूळ त्यांच्याहून सहा शतके मागे जाते आणि तेही शिराझच्याच एका रहिवाशाकडे. त्यांची कथा आपल्या मुलांनी अवश्य ऐकावी.

शिराझजवळच्या बैदा गावचा एक इराणी तरुण विद्येसाठी बसऱ्यास आला. त्याचे टोपणनाव सीबवैह. अरबी ही त्याची मातृभाषा नव्हती. चरित्रकार सांगतात की, हम्माद बिन सलमा यांच्याजवळ तो हदीस लिहून घेत असता एका ठिकाणी 'अबा' म्हणावयाचे तेथे 'अबू' म्हणाला. उस्ताद तेथल्या तेथे म्हणाले, "सीबवैह, चुकलास." तरुण ओशाळला. ज्या विद्येत मला कोणी चूक काढू शकणार नाही तीच विद्या आता शिकेन, असा निश्चय करून तो व्याकरणाकडे वळला आणि खलील बिन अहमद यांचा शिष्य झाला. हे खलील म्हणजे अरबी छंदशास्त्राचे जनक. त्यांच्या नावावर असलेल्या शब्दकोशाची अक्षरे अलिफ, बे, ते अशी नसून घशाच्या तळापासून ओठांपर्यंत, उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आहेत. आपल्या कखगघ, चछजझ या क्रमाची येथे कोणालाही आठवण व्हावी. बसरा हे बंदर होते व हिंदुस्थानशी त्याचा व्यापार होता. तेव्हा ही कल्पना व्यापाऱ्यांच्या गलबतातून गेली काय यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. पुरावा मात्र निर्णायक नाही, आणि माझ्या मते त्याची फारशी गरजही नाही. दोन समाजांना आपापला पवित्र पाठ अचूक राखावयाचा होता. दोघांनी तोंडात डोकावून पाहिले आणि दोघांना तेच दिसले.

सीबवैह यांचे निधन तरुण वयातच, हिजरी १८० (इ. स. ७९६) च्या सुमारास झाले. मागे एक ग्रंथ उरला. त्याला नावही ठेवलेले नव्हते. लोक त्याला नुसते 'अल्-किताब' म्हणू लागले. त्याच्या शेवटच्या भागात अरबी अक्षरांची उच्चारस्थाने आणि महमूस-मज्हूर हा भेद दिला आहे. अखफश या शिष्याने या दोहोंतला फरक विचारला असता, मज्हूरचा आवाज छातीतून येतो, असे उत्तर त्यांनी दिल्याचे भाष्यकारांनी नोंदले आहे. स्वरतंतू त्यांनी पाहिले नव्हते. पण आवाज जिभेजवळ जन्मत नाही, खालून येतो, हे त्यांच्या कानांनी ओळखले होते.

आणि येथे एक गंमत पाहा. हा भेद सीबवैह यांनी 'इदगाम'च्या, म्हणजे अक्षरे एकमेकांत मिसळण्याच्या प्रकरणात सांगितला आहे. मराठी पुस्तकात तो संधीपाशी उपयोगी पडतो, तसाच. इम्तिहान, इंतिखाब, इश्तिहार हे शब्द उर्दू घरांत रोजचे आहेत. अरबीत एकाच साच्याचे हे शब्द. 'त' त्या साच्यातला आहे. आता याच साच्यात झे हे मूळ अक्षर पहिले आले की काय होते? गर्दीला आपण इझ्दिहाम म्हणतो, इझ्तिहाम म्हणत नाही. 'झ' घोष, म्हणून त्याच्या शेजारचा 'त' घोष होऊन 'द' बनला. जगत्-ईशचा जगदीश व्हावा तसेच हे.

युरोपात हे ज्ञान बऱ्याच उशिरा स्थिरावले. जॉन वॉलिस हा इंग्लंडमधला मोठा गणिती. अनंताचे चिन्ह त्यानेच रूढ केले. परकीयांना इंग्रजी शिकता यावे म्हणून त्याने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि आरंभी ध्वनींचे विवेचन केले. प, ब, म यांतला फरक त्याने कसा सांगितला असेल? 'प'मध्ये सारा श्वास तोंडाकडे, 'म'मध्ये बहुतेक नाकाकडे आणि 'ब'मध्ये दोहींकडे सारखा वाटलेला! सीबवैह यांच्यानंतर साडेआठशे वर्षांनी ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने हे लिहावे, याचे हसू येते. पण हसू नये. पुस्तकात वाचून हा भेद कळत नाही, शिकविताना कळतो. वॉलिसची चूक टाळून हा आवाज कंठात उत्पन्न होतो असे विल्यम होल्डर या धर्मोपदेशकाने १६६९ च्या पुस्तकात मांडले. त्याने अलेक्झांडर पोफॅम या जन्मतः बहिऱ्या मुलाला बोलावयास शिकविले होते. पुढे हॉलंडमध्ये योहान कॉनराड अम्मान हा डॉक्टर बहिऱ्या मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून थरथर दाखवीत असे. त्याचे पुस्तक १६९२ चे. आरंभी मी तुम्हाला गळ्यावर बोटे ठेवावयास सांगितली, ती युक्ती एवढी जुनी आहे. प्रत्यक्ष स्वरतंतू बोलत्या माणसात पाहिले ते मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने, १८५४ मध्ये, दंतवैद्याच्या आरशाने, आणि तेही स्वतःच्याच घशात.

त्याच सुमारास आपल्याकडची प्रातिशाख्ये युरोप-अमेरिकेत छापली जाऊ लागली. अमेरिकन पंडित व्हिटनी याने अथर्ववेदाचे प्रातिशाख्य १८६२ मध्ये आणि तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ मध्ये प्रसिद्ध केले. कंठ मिटला असता नाद, उघडा असता श्वास, आणि मधल्या अवस्थेत 'ह', असे त्यात स्वच्छ सांगितलेले आहे. लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक असलेले व पुढे लंडनला भाषाशास्त्र शिकविणारे फर्थ यांनी १९४६ मध्ये मोकळेपणाने कबूल केले की, भारतीय वैयाकरणांची ओळख झाली नसती तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रज ध्वनिशास्त्र उभे राहिले असते अशी कल्पनाही करवत नाही. १८८६ मध्ये पॅरिसला भाषाशिक्षकांनी स्थापिलेल्या संस्थेतून जागतिक ध्वनिलिपी निघाली आणि घोष-अघोष हा भेद इंग्रजीच्या वर्गात कायमचा आला. आपल्या दक्षिणेतही हैदराबादच्या डॉ. मोहिउद्दीन कादरी 'झोर' यांनी 'हिंदुस्तानी फोनेटिक्स' हे पुस्तक १९३० मध्ये लिहिले. आपल्या विद्यार्थ्यांना ते शायरी व संशोधनासाठी माहीत असतात, यासाठी क्वचितच.

आता प्रत्यक्ष वर्गात येऊ. 'कॅट'चे अनेकवचन 'कॅट्स', पण 'डॉग'चे 'डॉग्झ'. दोन्हीकडे अक्षर एकच, एस. ट अघोष म्हणून मागून स; ग घोष म्हणून मागून झ. 'वॉक्ट'मध्ये ट आणि 'बेग्ड'मध्ये ड, याचेही कारण तेच. जगदीश आणि इझ्दिहाम यांच्या पंक्तीत हे शब्द बसवून दाखविले तर मुलाला नवा नियम शिकावाच लागत नाही. तरीही आपली मुले 'इझ', 'वॉझ', 'हिझ', 'हॅझ' यांना 'इस', 'वॉस', 'हिस', 'हॅस' म्हणतात. ज्याच्या घरात अझीझ, झीनत, नमाझ हे शब्द अहोरात्र बोलले जातात, त्याला झ येत नाही काय? त्याचा डोळा एस हे अक्षर पाहतो आणि जिभेला फसवितो. 'प्राइस' म्हणजे किंमत, 'प्राइझ' म्हणजे बक्षीस. 'आइस' बर्फ, 'आइझ' डोळे. अशा जोड्या न वाचता, ऐकून म्हणवून घ्याव्यात.

याहून मोठे धन मकतबमध्ये आहे. 'थिन' या इंग्रजी शब्दाचा आरंभ आणि 'दिस' या शब्दाचा आरंभ यांत जिभेचे टोक दातांशी येते व हवा घासत जाते. पहिला अघोष, दुसरा घोष. भारतभर लोक तेथे आपले थ आणि द वापरतात. पण अरबीतील से आणि झाल ही नेमकी तीच जोडी आहे! सूरह कौसरच्या नावातील से कारीसाहेबांनी जीभ दातांशी आणून नीट म्हणवून घेतला असेल, तर 'थिन' अर्धा शिकवून झाला. अडचण एवढीच की उर्दूच्या सवयीने आपण से, सीन, स्वाद यांना एकच 'स' करतो आणि झाल, झे, झ्वाद, झोय यांना एकच 'झ'. म्हणून मकतब बंद करण्याचा विचार करणाऱ्या पालकांना माझी विनंती उलटी आहे: तेथे तज्वीद खरोखर शिकवितात की नुसती घोकंपट्टी चालते, हे एकदा जाऊन ऐका.

सारेच जुळते असे मात्र समजू नका. मराठीचा ह घोष आहे. अरबी हे महमूस, आणि इंग्रजी 'हेड'चा आरंभही अघोष. तेथे मराठीपेक्षा अरबी जवळची. तज्वीदमध्ये सुकून असलेल्या ब, द यांना 'कल्कला'चा हलका धक्का देतात. तो इंग्रजी 'बेड'ला देऊ नये. इंग्रज माणूस 'बॅग'मधला ग जवळजवळ गिळतो आणि त्याची भरपाई मागचा 'अॅ' लांबवून करतो. 'बॅक'मधला अॅ आखूड. सीबवैह यांनी काफ-मधले मोठे काफ मज्हूरमध्ये घातले आहे, आज तर आपण ते अघोष म्हणतो. यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. आखातात नोकरी केलेल्या आपल्या कोकणी बांधवांना याचे नवल वाटू नये. तेथील लोकांच्या तोंडी 'कल्ब' चा 'गल्ब' त्यांनी ऐकलेलाच आहे.

तेच बांधव आणखी एक गोष्ट सांगतील. अरबीत प नाही, म्हणून तेथील माणूस 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणतो. आपल्याला प येतो, तेव्हा आपण निश्चिंत असतो. आणि तरी आपला 'पिन' इंग्रजाच्या कानाला कधीकधी 'बिन' ऐकू येतो. शब्दारंभीच्या प, ट, क यांत तो श्वासाचा एक फुंकारा सोडतो आणि त्यावरूनच अघोष ओळखतो. आपला प कोरडा. कागदाची बोटभर पट्टी ओठांसमोर धरा. 'पान' म्हणताना ती जवळजवळ स्थिर राहील. ओठ मिटून 'फळ' म्हटले की जोराने उडेल. इंग्रजी 'पिन'ला ती या दोहोंच्या मधोमध हलली पाहिजे. आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी पट्टी हलली की नाही, एवढे त्यांना मुलासमोर बसून पाहता येईल.