फियाट ६०० : परवाना-आवृत्त्या व साधित प्रकार

इटलीच्या फियाट कंपनीने १९५५ मध्ये जिनीव्हा येथील मोटार प्रदर्शनात सादर केलेली, दान्ते जाकोझा या अभियंत्याने आखलेली छोटी व काटकसरी मोटारगाडी. इंजिन मागे बसवलेली ही फियाटची पहिलीच गाडी होती. ६३३ घन सेंमी. क्षमतेचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि वेगळी चॅसी न ठेवता कवचानेच सगळा भार पेलावा अशी बांधणी यांमुळे जेमतेम सव्वातीन मीटर लांबीच्या गाडीत चार माणसे बसू शकत.

मूळ कंपनीशी करार करून तिच्या आराखड्यांनुसार तीच गाडी दुसऱ्या देशात बनवली, की ती परवाना-आवृत्ती ठरते; साधित प्रकारात यांत्रिक भाग मूळचेच ठेवून कवच, इंजिन किंवा आसनव्यवस्था बदललेली असते. परदेशी गाड्यांची आयात जिथे महाग किंवा निर्बंधित होती, अशा देशांना पहिला मार्ग सोयीचा ठरला. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० बनली, तीही याच मार्गाने.

स्पेनमधील आवृत्तीचे महत्त्व सर्वांत मोठे आहे. तेथील सरकारी औद्योगिक संस्था, बँका व फियाट यांनी मिळून १९५० मध्ये स्थापलेल्या सेआत कंपनीने बार्सेलोना येथे १९५७ ते १९७३ या काळात सुमारे ८ लाख सेआत ६०० गाड्या बनवल्या आणि दुचाकीवर भागवणाऱ्या असंख्य कुटुंबांच्या दारात पहिली मोटार आली. याच कंपनीची १९६३ मधील सेआत ८०० ही गाडी अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे, कारण दोन चाकांच्या आसांमधील अंतर वाढवून तिला चार दारे दिली गेली आणि अशी गाडी खुद्द फियाटने कधीच बनवली नाही. परवाना घेणारा कारखाना इथे स्वतः रचनाकार झाला.

फियाटच्या स्वतःच्या साधित प्रकारांत १९५६ ची मुल्तिप्ला प्रमुख असून, चालकाला पुढच्या चाकांवर बसवल्याने तिच्यात सहा जण मावत आणि इटलीत ती टॅक्सी म्हणून रूढ झाली. कार्लो आबार्त यांच्या कंपनीने इंजिनाची क्षमता वाढवून शर्यतीच्या गाड्या घडवल्या. जर्मनीत हाइलब्रोन येथे याग्स्ट नावाने ही गाडी तयार होई.

तुरिनमधील उत्पादन १९६९ मध्ये थांबले, तरी अर्जेंटिनात ते १९८२ पर्यंत चालू राहिले. युगोस्लाव्हियात क्रागुयेवाट्स येथील झास्तावा या मूळच्या शस्त्रनिर्मिती कारखान्याने तर इंजिन टप्प्याटप्प्याने मोठे करत १९८५ पर्यंत ९ लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या.