शपथ आणि संगत



पोर्तुगीज वसईस १५३४ सालीं आले व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं त्यांच्याकडून किल्ला घेतला, इतकें येथील शाळेंतील पोरही सांगतें. परंतु याच वसईच्या वाड्यावाड्यांतून, माडाच्या बुंध्याशीं आणि घराच्या उंबऱ्याशीं, दुसरा एक इतिहास घडत आला आहे. तो दारू पिणाऱ्यांचा व ती सोडूं पाहणाऱ्यांचा होय. आज त्याविषयीं थोडें बोलावयाचें आहे.

माडी काढणें हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. १८७८ च्या अबकारी कायद्यानें त्यावर सरकारचा हात बसला, आणि १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांचाही कायदा झाला. दोहोंचें लक्ष तिजोरीकडे होतें. पुढें स्वराज्य आलें, १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला व १९५० सालीं मुंबई राज्यांत पूर्ण बंदी आली. हेतु थोर होता यांत शंका नाहीं. पण दुकानें बंद झालीं आणि हातभट्ट्या पेटल्या. पुढल्या पंधरा वर्षांच्या आंतच बंदी सैल करावी लागली. सरकारनें झाडाकडे पाहिलें, फुलाकडे पाहिलें, पिंपाकडे पाहिलें. ज्याचा हात कांपतो त्या माणसाकडे पाहणें कायद्याला जमत नाहीं.

समाजसुधारकांचा उपाय म्हणजे शपथ. १९०८ सालीं पुण्यास दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झालें. घरोघर देवापुढें, आईच्या पायांवर हात ठेवून शपथा घेतल्या गेल्या. शपथेंत एक मोठी उणीव आहे. ती एकदां मोडली कीं मोडणाऱ्याला परत यावयास वाट उरत नाहीं. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेलें गडकऱ्यांचें 'एकच प्याला' आठवा. त्यांत पिणाऱ्यांचें आर्य मदिरा मंडळ आहे. सोडणाऱ्यांचें मंडळ मात्र नाहीं! पेला टाकून बाहेर पडलेल्या सुधाकराला बसावयास जागाच नाहीं, म्हणून तो पुन्हा पेल्याकडे वळतो. हें नाटक मीं अनेकदां वाचलें, आणि दर वेळीं मला वाटतें कीं सुधाकराला उपदेश करणारे पुष्कळ होते, पण त्याच्यासारखा एकही नव्हता.

तसे मंडळ निघालें सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं. १९३५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारांतील गृहस्थ तेथें कामास गेला होता. काम फसलें. पिणें सोडून त्यास कांहीं महिने झाले होते. हॉटेलांत एकटा असतां मद्यालयाकडे पाय वळूं लागले. तेव्हां त्यानें दूरध्वनि करकरून आपल्याच सारखा एखादा पिणारा कोठें भेटेल काय, अशी चौकशी केली. डॉक्टर बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य भेटले. पाव तास बसूं म्हणून बसलेले दोघे कित्येक तास बोलत राहिले. दुसऱ्याला सोडविण्यापेक्षां स्वतःला सांवरण्यासाठीं बिल गेला होता, हेंच यांतील मर्म! १० जून १९३५ या दिवसापासून डॉक्टरांची दारू सुटली, आणि तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे 'ए. ए.' चा जन्मदिवस मानतात. यापूर्वीं, १८४० सालीं, बाल्टिमोर येथें सहा पिणाऱ्यांनीं असेंच मंडळ काढलें होतें. तें वाढलें, राजकारणांत शिरलें आणि विस्कटलें. त्यावरून धडा घेऊन ए. ए. नें बाहेरची देणगी व बाहेरचे वाद दोन्ही वर्ज्य केले.

हिंदुस्थानांत हा उपक्रम १९५७ सालीं मुंबईंत रुजला. १९८१ सालीं फादर जो परेरा यांनीं वांद्र्यास 'कृपा फाउंडेशन' काढलें. ते स्वतः या व्यसनांतून बाहेर आलेले आणि योगाचार्य अय्यंगारांचे शिष्य. त्या संस्थेचें एक केंद्र आपल्या वसईंत आहे. पुण्याचें 'मुक्तांगण' १९८६ चें. या ठिकाणीं राहून उपचार घेतां येतात, ए. ए. ची सभा मात्र तासा-दीड तासाची असते.

सभा शोधावी कशी? संस्थेचें भारतांतील मुख्य कार्यालय मुंबईंतच आहे. तेथें विचारल्यास जवळच्या सभेचा वार व वेळ कळते. खोली बहुधा चर्चची किंवा शाळेची, भाड्यानें घेतलेली. चर्चची खोली पाहून कित्येक हिंदु दारांतून परत फिरतात, तें व्यर्थ होय. धर्म कोणी विचारीत नाहीं. फी नाहीं. शेवटीं सभासद आपल्या खुषीनें पैसे टाकतात, त्यांतून चहा व भाडें भागतें. पहिल्या दिवशीं नुसतें ऐकलें तरी चालतें. नांव सांगावयाचें तें केवळ स्वतःचें, आडनांव नको. तरीही आमच्या गांवांत सारे एकमेकांस ओळखतात. ज्याला संकोच वाटेल त्यानें विरारहून नालासोपाऱ्यास अथवा खाडी ओलांडून भाईंदरला जावें, गाडीचें तिकीट गुत्त्यापेक्षां स्वस्तच पडतें.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं थांबणें जिवावर बेतूं शकतें. कंप, भ्रम, झटके येतात. त्यानें आधीं डॉक्टर गांठावा, सभा त्याच्या जोडीला.

ज्याचें पिणें पुन्हा सुरू झालें तोही पुढल्या सभेला येतो. त्याला हांकलीत नाहींत कीं शपथभंगाचा जाब विचारीत नाहींत. तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजूं लागतो, आणि तोही आजचा एकच दिवस. घरच्या मंडळींसाठीं 'अल-ॲनॉन' या नांवाच्या निराळ्या सभा १९५१ पासून निघाल्या आहेत. पिणारा यावयास तयार नसला तरी त्याच्या पत्नीनें तेथें जाण्यास हरकत नाहीं.