दुर्बिणीतला धागा

इंग्लंडात लीड्सजवळच्या मिडल्टन इथे विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक हौशी ज्योतिर्विद राहत होता. १६४० च्या सुमारास तो दोन बहिर्वक्र भिंगे घेऊन सूर्याबाबत काही प्रयोग करीत होता. नळी उघडी होती आणि आत कोळ्याने एक धागा ओढून ठेवला होता. गॅस्कॉइनने भिंगाला डोळा लावला तेव्हा तो धागा त्याला लख्ख, रेखीव दिसला. हा प्रसंग त्याने पुढे विल्यम ऑट्रेड या गणितज्ञाला पत्राने कळवला. २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना गॅस्कॉइन मारला गेला, तेव्हा त्याने जेमतेम तिशी ओलांडली होती. आज रायफलवरच्या कोणत्याही दुर्बिणीत, म्हणजे स्कोपमध्ये, डोकावले की जी फुली दिसते तिचे मूळ त्या धाग्यात आहे.

स्कोप म्हटला की दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांच्याही तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘किती पटींचा?’ इतिहास धुंडाळल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न दुसरा किंवा तिसरा असायला हवा. पहिला प्रश्न धाग्याचा आहे.

तो का, हे समजायला थोडे प्रकाशशास्त्र लागते. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याजवळचे भिंग अंतर्वक्र असते. तिच्यात दूरचे मोठे दिसते, पण नळीच्या आत कुठेही प्रतिमा पडत नाही. केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगे बहिर्वक्र असलेल्या दुर्बिणीची मांडणी केली. तिच्यात दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा नळीच्या पोटातच तयार होते. नेमक्या त्या जागी एखादा धागा ताणला, तर धागा आणि तारा डोळ्याला एकाच पातळीवर दिसतात. एक हातभर अंतरावर, दुसरा कल्पनेपलीकडे दूर, आणि तरी दोन्ही एकाच वेळी स्पष्ट. गॅस्कॉइनच्या कोळ्याने हे आयते करून दाखवले.

साध्या बंदुकीवर हेच जमत नाही. मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबवरचे लक्ष्य या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. विशीतला डोळा तिन्हींमध्ये इतक्या झटपट फिरतो की उणीव जाणवत नाही. चाळिशी लागली की खाच पुसट होते, मग माशी. आपल्या भाषेने चष्म्यालाच वयाचे नाव देऊन ठेवले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे अधिक सांगायला नको. थोडक्यात, स्कोपने नेमबाजाला मोठेपणाआधी काही दिले असेल तर ती ही एकच पातळी.

पण दुर्बीण न वापरणारेही काही अडाणी नव्हते. हा वाद बंदुकीवर येण्याआधी आकाशात लढला गेला. डान्झिगचा योहानेस हेवेलियस आपल्या घराच्या गच्चीवरून ताऱ्यांची स्थाने मोजत असे, आणि मोजण्याच्या उपकरणांवर दुर्बीण बसवायला त्याचा ठाम नकार होता. तो टायको ब्राहेच्या धर्तीवर बारीक फटींमधून नुसत्या डोळ्यांनी वेध घेई. १६७४ मध्ये रॉबर्ट हूकने त्याच्यावर जाहीर टीका केली. हूकचा मुद्दा असा, की एका कलेहून फारसा लहान कोन माणसाच्या डोळ्याला ओळखताच येत नाही, तेव्हा हेवेलियसची बारीक मापे विश्वासार्ह असूच शकत नाहीत. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आपल्या पंचांगातली अंश-कला-विकलांमधली कला ती हीच. १६७९ मध्ये तरुण एडमंड हॅली मुद्दाम डान्झिगला गेला, दोन महिने हेवेलियसच्या शेजारी बसून वेध घेतले आणि म्हाताऱ्याची मापे पाहून चकित झाला.

मग खरे कोण? माझ्या मते दोघेही. दोन ठिपके वेगळे आहेत हे ओळखण्यात हूकची मर्यादा खरी आहे. पण हेवेलियस दोन ठिपके वेगळे करीत नव्हता. तारा दोन्ही कडांना सारखाच उजळ दिसतो का, एवढेच तो पाहत होता. समतोल ओळखण्यात माणसाचा डोळा कलेच्याही खाली सहज उतरतो. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी खटकते ना, तसेच.

ही कला नेमबाजांच्या रोजच्या बोलण्यातली आहे. ते तिला इंग्रजी अक्षरांनी ‘एमओए’ म्हणतात. १०० यार्डांवर ती एक इंचाहून किंचित मोठी आणि १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर भरते.

बंदुकीवर दुर्बीण नीट बसली ती अमेरिकेत. १८४० च्या दशकात जॉन चॅपमन या स्थापत्य अभियंत्याच्या कल्पनेवरून न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका इथल्या मॉर्गन जेम्स या बंदूककाराने स्कोप तयार केले. १८५५ पासून सिराक्यूजचा विल्यम माल्कम रंगदोष काढलेली भिंगे वापरून स्कोप बनवू लागला. हे स्कोप जवळजवळ बंदुकीच्या नळीएवढे लांब आणि बोटभर जाड असत. त्यातून दिसणारा देखावा अगदी चिंचोळा, जणू किल्लीच्या भोकातून पाहावे तसा. त्याच काळात मुंबई सैन्यातल्या डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने बंदुकीच्या बाजूला बसणारा स्कोप काढला. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर तो बसलेला आढळतो. त्या युद्धात स्कोपचे जे व्हायचे ते झाले. तो इतिहास वेगळा आहे आणि त्यावर भरपूर लिहिले गेले आहे.

गंमत अशी, की स्पर्धेच्या मैदानाने नेमके त्याच काळात दुर्बिणीला दाराबाहेर ठेवले. इंग्लंडच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा २ जुलै १८६० रोजी विंबल्डनला सुरू झाली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थ रायफल एका घोडीवर घट्ट बसवून आधीच रोखून ठेवली होती, राणीने फक्त दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. (तारीख गॅस्कॉइनच्या मृत्यूचीच, योगायोग, दुसरे काही नाही.) रायफल काय करू शकते हे त्या दोरीने दाखवून दिले. उरलेली स्पर्धा माणसाची होती. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला अमेरिका आणि आयर्लंड यांचा गाजलेला सामना झाला. ८००, ९०० आणि १००० यार्ड, स्कोप नाही, फक्त व्हर्नियर मापाच्या नाजूक पीप साइट. पीप साइट म्हणजे बारीक भोकाची साइट. चष्मा जवळ नसताना मुठीच्या बारीक फटीतून पाहिले तर बारीक टाईपही वाचता येतो, तेच तत्त्व. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी अचूक मध्यावर लागली होती, पण शेजारच्या लक्ष्याच्या. तिचे चार गुण धरले गेले असते तर सामना आयर्लंडचा होता. चांगली नजर आणि स्थिर हात असूनही आपण कशाकडे पाहतो आहोत हे चुकू शकते, आणि त्यावर स्कोपमध्येही इलाज नाही. उलट चिंचोळ्या देखाव्यात ही चूक अधिक सोपी होते.

ही परंपरा आजही चालू आहे. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफलला आणि ५० मीटरच्या प्रकारांना स्कोप चालत नाही. अपवाद फक्त सरकत्या लक्ष्याच्या स्पर्धेचा होता आणि ती २००४ च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमधून गेली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यांच्या रायफलींवर दुर्बीण होती असे पुष्कळांना वाटते. नव्हती. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. कोनात मांडले तर हे पाऊण कलेहूनही कमी. हूकच्या हिशेबाने ते दिसायलाच नको, आणि ते दिसतही नाही! नेमबाज पाहतो तो ११२ मिलिमीटरचा काळा चांद. पुढच्या साइटच्या कड्यात तो चांद सगळीकडून सारखी पांढरी किनार ठेवून बसला की घोडा दाबायचा. हेवेलियस डान्झिगच्या गच्चीवर हेच करीत होता.

मग शांत चांदमारीत स्कोप हवाच कशाला? याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर कॅनडातून आले. तिथले जॉर्ज फार्क्वारसन हे जुने नेमबाज. वयाने साइट दिसेनाशा झालेल्या, मनगटे थकलेल्या माणसांना स्कोप आणि बंदुकीखाली टेकू वापरू द्यावा, म्हणजे ते मैदान सोडून जाणार नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून त्या प्रकाराला ‘एफ क्लास’ म्हणतात. सवलत म्हणून सुरू झालेल्या या खेळात लवकरच तरुणही आले, आणि स्कोपमुळे गुण फार सोपे होऊ लागल्यावर आतली वर्तुळे निम्मी करण्यात आली. मधले आता अर्ध्या कलेचे असते. डोळ्याची अडचण दूर केली तेव्हा परीक्षा वारा वाचण्याची झाली. माझ्या लेखी स्पर्धात्मक नेमबाजीच्या इतिहासातला हा सर्वांत सुज्ञ निर्णय आहे.

यंत्राची सुधारणा मधल्या काळात युरोपात झाली: व्हिएन्नाचा कार्ल काहलेस, येनाचे झाइस. तिच्यातली एकच गोष्ट सांगण्याजोगी. काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो आणि तो आत भटकून प्रतिमा पांढुरकी करतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिपातळ लेप चढवून हे थांबवले. लष्कराने ते काही काळ गुपित ठेवले. आज स्वस्त आणि महाग स्कोपमधला फरक पटींपेक्षा या लेपात आणि भिंगांच्या घासणीत अधिक असतो. अमेरिकेत स्पर्धेच्या स्कोपसाठी नावाजलेला पिट्सबर्गचा फेकर वेधशाळांसाठी दुर्बिणी बनवत असे आणि त्याच्याकडे काम केलेल्या जॉन उनर्टलने पुढे स्वतःचे नाव केले. पोर्टलंडचे ल्यूपोल्ड मोजणीच्या उपकरणांच्या धंद्यातले. आकाश आणि जमीन मोजणाऱ्यांकडेच हे काम पुन्हापुन्हा जावे यात आश्चर्य नाही.

आता निवडीकडे. गॅस्कॉइनचा धागा प्रतिमेच्या नेमक्या पातळीवर होता म्हणून ते साधले. धागा त्या पातळीच्या पुढेमागे गेला तर डोळा हलवताच फुली लक्ष्यावरून सरकते. अंगठा समोर धरून आधी एक, मग दुसरा डोळा मिटून पाहावे, तसेच. याला पॅरलॅक्स म्हणतात, आणि प्रतिमेची पातळी लक्ष्याच्या अंतरानुसार बदलत असल्याने हा दोष प्रत्येक अंतराला वेगळा. १०० मीटरला जुळवलेल्या, ४० मिलिमीटर भिंगाच्या स्कोपमधून ५० मीटरवर नेम धरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर चूक १० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. दहाचे वर्तुळ किती मोठे असते ते वर सांगितलेच आहे. शिकारीचे स्कोप बहुधा १०० यार्डांना जुळवून बंद केलेले असतात. १० मीटरच्या एअर रायफलवर त्यांतून धुरकट गोळा दिसतो. म्हणून लक्ष्यभेदासाठी घ्यायच्या स्कोपमध्ये अंतर जुळवण्याची कडी आहे का आणि ती आपल्या मैदानाच्या अंतरापर्यंत खाली येते का, हे आधी पाहावे. फुलीचे क्लिक परत जागेवर येतात का, हे त्यानंतर: वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि गोळी पुन्हा पहिल्या छिद्राशी. पाव कलेचा एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर सरकवतो. स्प्रिंगच्या एअर रायफलला दोन्ही दिशांनी झटका असतो, तो सोसेल असे स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यावा. भल्याभल्या शिकारी स्कोपची भिंगे तिच्यावर खिळखिळी होतात.

पटी सगळ्यांत शेवटी. भिंगाचा व्यास भागिले पटी, एवढा उजेडाचा ठिपका डोळ्याशी येतो: ४० चे भिंग १० पटींवर ४ मिलिमीटर देते, ४० पटींवर एकच. त्या ठिपक्यावर डोळा टिकवताना मान अवघडते. शिवाय पटी वाढल्या की आपल्या हाताचा कंप, नाडीचा ठोका आणि उन्हात तापलेल्या जमिनीवरचे मृगजळही तितकेच वाढते. मार्च ते मे महिन्यांत आपल्याकडच्या उघड्या मैदानावर मोठ्या पटींत काळा चांद पाण्यात ठेवल्यासारखा हलतो. अनुभवी माणूस तेव्हा पटी कमी करतो, आणि मृगजळ कोणत्या बाजूला वाहते यावरून वारा ओळखतो.

दोषाचाच असा उपयोग करण्यात इंग्लंडच्या ‘फील्ड टार्गेट’ नेमबाजांचा हात कुणी धरणार नाही. १९८० च्या आसपास सुरू झालेल्या या खेळात लोखंडी पाखरे आणि उंदीर सुमारे १० पासून ५५ यार्डांपर्यंत झाडीत लावलेले असतात आणि अंतर कुणी सांगत नाही. नेमबाज पटी मुद्दाम खूप वाढवतो, कारण मोठ्या पटींत लक्ष्य फार थोड्या अंतरापुरतेच स्पष्ट राहते. मग स्कोपच्या बाजूचे थाळीएवढे चाक तो सावकाश फिरवतो. चाकाच्या कडेला कागदाची पट्टी डकवलेली असते आणि तिच्यावर त्याने स्वतः सरावात उतरवून ठेवलेली अंतरे. पाखराच्या अंगावरचा रंगाचा ओरखडा स्पष्ट झाला की तो चाकावरचा आकडा वाचतो, तितके क्लिक देतो आणि मग नेम धरतो.