रापण

किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे व त्याने सामूहिकपणे करायची मासेमारी. सिंधुदुर्गातील मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात आणि गोव्यात ही पद्धत रूढ आहे. सिंधुदुर्गात तिच्यावर मुख्यतः गाबीत समाजाचा उदरनिर्वाह चालत आला. गोव्यात हे काम करणाऱ्यांना रापणकार म्हणतात.

जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळाकार फेरी घेत जाळे पाण्यात सोडते व दुसरे टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसे पावलापावलाने मागे सरत दोर ओढतात. घेर आवळत आला की उथळ पाण्यात बांगडे, तारली उसळू लागतात. मासळीचे किंवा विक्रीच्या पैशांचे वाटे पडतात. होडी, जाळे आणि श्रम या सर्वांचा त्यात हिस्सा असतो. विक्री, खारवणे, सुकवणे हा व्यवहार प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती असतो. रापणीचे खरे मोल या वाटणीत आहे: उत्पन्न गावातच राहते. शिवाय इंधनाचा खर्च नगण्य असतो.

किनाऱ्यालगत येणारे माशांचे थवे ट्रॉलर व पर्ससीन या यांत्रिक नौकांनी आधीच उचलल्याने रापण खालावली. या नौकांविरुद्ध गोव्यात 1970च्या दशकात रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. पुढे गोव्यात 1980चा व महाराष्ट्रात 1981चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. या कायद्यांची अंमलबजावणी मात्र अपुरी राहिली, हे पारंपरिक मच्छीमारांचे गाऱ्हाणे रास्त आहे.