कुरखेड्याची मोहाची दारू आणि उगमनामाचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडील कुरखेडा परिसरात मोहाची दारू हे गोंड समाजाचे परंपरागत पेय असून देवपूजेत आणि लग्नकार्यात तिचा नैवेद्य दाखवला जातो; तरीही या पेयाला आपल्या प्रदेशाचे नाव कधी लाभले नाही आणि तिच्यासंबंधीचा जवळजवळ प्रत्येक कायदा तिला गावापासून तोडणाराच ठरला. इटलीत नेमके उलट घडले. टस्कनीचा अधिपती तिसरा कोसिमो याने १७१६ मध्ये कियांती मद्याच्या प्रदेशाची सीमा आखून दिली आणि १९६३ च्या कायद्याने तेथे ‘नियंत्रित उगमनाम’ ही व्यवस्था रूढ झाली, जिच्यानुसार ठरलेल्या हद्दीतील, ठरलेल्या द्राक्षांच्या आणि ठरलेल्या रीतीने केलेल्या मद्यालाच त्या प्रदेशाचे नाव लावता येते.

हद्द, कच्चा माल आणि रीत या तिन्ही गोष्टी कुरखेड्याकडेही होत्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मांसल, गोड फुले वेचून वाळवली जातात, पुढे ती पाण्यात काही दिवस आंबवतात, या आंबवणाला मोहसडवा म्हणतात, आणि सडवा उकळून त्याची वाफ थंड केली की दारू मिळते. द्राक्षाची वाइन आंबवण्यापाशीच थांबत असल्यामुळे मोहाची दारू काटेकोरपणे वाइन ठरत नाही. तिचे खरे नाते गोव्याच्या फेणीशी आहे.

ब्रिटिश काळात मध्य प्रांताच्या दुर्गम भागांत प्रथम भट्टीचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत होती, म्हणजे दारू गावाजवळच गाळली जाई. पुढे करवसुली सोपी व्हावी म्हणून गाळप सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे वळवले गेले आणि घरगुती गाळप हा गुन्हा झाला. मुंबई इलाख्याने तर १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध घातले. महसुलाची ही भूक नैतिकतेच्या भाषेत मांडली गेली, हे विसरण्याजोगे नाही.

१९९३ च्या गडचिरोलीतील दारूबंदीला मात्र याच पंक्तीत बसवणे अन्यायाचे ठरेल, कारण ती वरून लादलेली नव्हती; गावोगावच्या, विशेषतः स्त्रियांच्या चळवळीतून ती उभी राहिली आणि दुकानांतून येणाऱ्या दारूने होणारी घरांची नासाडी हे तिचे ठोस कारण होते. तरीही विधीतली दारू आणि दुकानातली दारू यांतील भेद बंदीच्या कलमांत मावला नाही.

फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे उगमस्थानाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण, मिळाले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलनावरील आणि वाहतुकीवरील निर्बंध उठवले, पण गडचिरोलीची दारूबंदी कायम राहिल्याने कुरखेड्यात मोहफूल विकता येते, त्याची दारू गाळता येत नाही.