गारव्याचा हिशेब

माठातलं पाणी गार का होतं, हे आपण शाळेत शिकलो. पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी बर्फगार अवस्थेपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक त्याची वाफ व्हायला लागते. पंजाब-हरियाणाचं मैदान गेल्या दीडशे वर्षांत असाच एक अवाढव्य माठ बनलं आहे.

सुरुवात कालव्यांची. १८८२ साली रोपडजवळ सतलजचं पाणी सरहिंद कालव्यात वळवलं गेलं. ते नदीचं, म्हणजे दरवर्षी परत येणारं पाणी. मग हरितक्रांती आली, कूपनलिका आल्या, आणि भात जिथलं मुख्य पीक नव्हतं तिथे भातखाचरं भरू लागली. गारवा तोच, पाणी मात्र आता जमिनीच्या पोटातलं.

१९७२ मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह गेला आणि हिरवी शेतं वरून ओळखता येऊ लागली. पुढे टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांमुळे जमिनीचं तापमान रोजच्या रोज मिळू लागलं. पण मला विलक्षण वाटते ती २००२ ची ग्रेस मोहीम. एकामागोमाग जाणारे दोन उपग्रह. खाली वस्तुमान कमी-जास्त झालं की त्यांच्यातलं अंतर किंचित बदलतं. त्यावरून चक्क भूजलाचं वजनच करता आलं! २००९ साली मॅथ्यू रोडेल आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातून १०९ घन किलोमीटर भूजल गेलं.

त्या बदल्यात गारवा तरी मिळाला का? माझा पिंड तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे 'तापमान' म्हटलं की मी आधी विचारतो, कशाचं? उपग्रह मोजतो ते माती-पानांचं. हवेचं वेगळं. अंगाला जाणवतं ते तिसरंच. २०२० साली गांधीनगरच्या आयआयटीतले विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच फोड केली. सिंचनामुळे जमीन सुमारे १ अंशाने आणि हवा अर्ध्या अंशाने थंड होते, पण दमट उष्म्याचा त्रास वाढतो. कारण असं, की ओली जमीन हवेला कमी तापवते, म्हणून हवा फार उंचीपर्यंत घुसळली जात नाही आणि वाफ खालच्या थरातच कोंडून राहते. कोकणातल्या माणसाला हे समजवायला नको. मे महिन्यात नागपूरचा माठ जितका गार होतो तितका रत्नागिरीचा होत नाही. घामाचंही तसंच.

२००९ च्याच कायद्याने पंजाबात १० जूनपूर्वी भातलावणीला बंदी आली, ती भूजल वाचावं म्हणून. लावणीसाठी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर दिवसभर वाकून चिखलात उभे असतात. टेरा अनेक वर्षं सकाळी साडेदहाच्या सुमारास त्यांच्यावरून जायचा, ॲक्वा दुपारी दीडच्या. दोघांच्याही नोंदीत तो तुकडा भोवतालच्या कोरड्या रानापेक्षा थंड असायचा.